गळा घोटला म्हणून

सुध्या,

चार महिने पत्र नाही, तेव्हा शिव्या घालायचा तुझा हक्क मान्य. फक्त लेखी घालू नकोस, सध्या दिवस वाईट आहेत. त्या पुस्तकाच्या भाषांतरावरचं आपलं परीक्षण पुस्तकांच्या साइटवाल्यांनी उडवलं. गुडघा बरा आहे.

कारण एका ओळीचं: 'व्यक्तीविरुद्ध हिंसक भाषा'. कुठलं वाक्य ते सांगितलेलं नाही. पण माझा संशय एकाच वाक्यावर आहे, 'भाषांतरकाराने मूळ लयीचा गळा घोटला'. तुझं वाक्य! मी 'लय हरवली' म्हणत होतो, ते तुला मिळमिळीत वाटलं. बापूंच्या अंकातला 'व्याकरणाचा खून'ही तुझाच.

आधी मजकूर यंत्र चाळतं. माणूस आणि गळा एका वाक्यात दिसले की धोक्याचे गुण चढतात, मर्यादेपलीकडे गेले की मजकूर गायब. मराठी वाक्प्रचार यंत्राने इंग्रजीच्या मानाने फारच थोडे पाहिलेले असतात. अवतरणचिन्हांचंही तेच: पुस्तकातल्या पात्राची शिवी उद्धृत केली तरी ती आपल्या खात्यावर जमा होऊ शकते. पुढे माणसाकडे गेलंच, तर त्याला मराठी येत असेलच असं नाही; मग तो यंत्राने केलेलं भाषांतर वाचणार. म्हणजे भाषांतरावरची टीका भाषांतरातच मेली. (हा शब्दही खोडून टाकू का?)

उलट 'अप्रतिम! प्रत्येकाने वाचावं!' अधिक पाच तारे, याला मरण नाही. त्यात आक्षेपार्ह शब्दच नाही, चाळणीत अडकणार काय? ती खोटी प्रशंसा पकडायची तर मजकूर नाही, खाती तपासायला हवीत: एकाच आठवड्यात उघडलेली, एकाच प्रकाशकाला वाहिलेली, सगळीकडे पाचच तारे.

गुडरीड्स या वाचकांच्या परीक्षणांच्या साइटने सप्टेंबर २०१३ मध्ये लेखकाच्या वागणुकीवरची परीक्षणं काढली, तीही आगाऊ न सांगता, आणि मग त्याबद्दल माफी मागितली, तेव्हा तू नियमाची बाजू घेऊन माझ्याशी तीन दिवस अबोला धरला होतास. आता बोल.

तेच परीक्षण पुन्हा चिकटवू नकोस, हात जोडतो. जुळणारा मजकूर यंत्र झटक्यात ओळखतं आणि मग गदा खात्यावर येऊ शकते. आधी अपील. सूचनेचा स्क्रीनशॉट, तारीख, आणि तीनच वाक्यं: संशयित वाक्य कोणतं, वाक्प्रचार म्हणून त्याचा अर्थ काय, आणि टीका कृतीवर आहे, व्यक्तीवर नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर निबंध नको. तो तू लिहिशीलच, म्हणून आधीच सांगतो.

अपील फेटाळलं तर वाक्याचा कर्ता बदलायचा. 'भाषांतरकार' जाऊन 'भाषांतर' येईल, आणि विशेषणाच्या जागी पुरावा: 'मूळचं चार शब्दांचं वाक्य इथे अकरा शब्दांचं झालं आहे'. खरं तर हे जास्त झोंबतं. फाटक्या पानांची तक्रारही काढ, ती विक्रेत्याकडे. आणि पहिल्याच ओळीत या आवृत्तीचा तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घाल; साइट मूळ पुस्तक आणि भाषांतरं एकाच पानावर आणते, आपले दोन तारे बिचाऱ्या मूळ लेखिकेच्या सरासरीत जातात.

आता खरी पंचाईत. उडवलेला मजकूर आपल्यालाही दिसत नाही, आणि माझ्याकडे पहिलाच खर्डा आहे, 'लय हरवली'वाला. शेवटची प्रत तुझ्याकडे असेल तर लगेच पाठव, तारीख आणि ताऱ्यांसकट.

बदलीचं काय झालं? चिमीचा निकाल कळव. माईंना नमस्कार.

तुझा,
विन्या

ता. क. 'गळा' ठेवायचा हट्ट असेल तर अपील तूच लिही.