‘या वयातही’ हे शब्द मथळ्यातून काढावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या मनोरंजन पुरवणीत ज्येष्ठ कलावंतांविषयी जे काही प्रसिद्ध होते, त्याची कात्रणे मी गेल्या काही महिन्यांपासून जपून ठेवते आहे. त्यांत प्रकृती बिघडल्याच्या बातम्या आहेत, जीवनगौरव पुरस्कारांचे वृत्तान्त आहेत, मृत्युलेख आहेत आणि उरलेल्या बहुतेक मजकुराच्या मथळ्यात ‘या वयातही’ हे शब्द आहेत. भूमिका कशी बसवली, संवादाची पट्टी कशी धरली, दिग्दर्शकाशी मतभेद कुठे झाला, असे काही विचारणारी एकही मुलाखत मला त्या कात्रणांत सापडली नाही. तिशीतल्या नटाला हेच प्रश्न आवर्जून विचारले जातात.

सप्टेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘दशावतार’ या चित्रपटाचे उदाहरण घ्यावे. दिलीप प्रभावळकर यांनी ८१ व्या वर्षी त्यात मध्यवर्ती भूमिका केली. दृष्टी अधू होत चाललेला, मुलगा ‘आता थांबा’ म्हणत असतानाही रंगमंच सोडवत नसलेला दशावतारी कलावंत त्यांनी साकारला; म्हणजे वय झालेल्या नटाने थांबावे का, हा प्रश्न त्या कथेच्या मुळाशीच आहे. माझ्या वाचनात आलेल्या लेखनात मात्र त्यांच्या वयाचे आणि शारीरिक कष्टांचेच कौतुक अधिक होते. वेगवेगळी सोंगे घेताना त्यांनी आवाज आणि चाल कशी बदलली, याविषयी फारच थोडे वाचायला मिळाले. हे कौतुक मनापासून केलेले असते, याबद्दल मला शंका नाही. परंतु त्यामुळे नटाचे काम मागे राहते आणि त्याचा जन्मदाखला पुढे येतो.

ज्येष्ठांच्या भूमिका ज्येष्ठांनाच मिळतात असेही आपल्याकडे कधी नव्हते. डिसेंबर १९७० मध्ये ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले तेव्हा अप्पासाहेब बेलवलकर साकारणारे डॉ. श्रीराम लागू ४३ वर्षांचे होते. रंगभूमीला ही मुभा असावी असे मला वाटते, कारण त्या भूमिकेला लागणारा दम मोठा आहे आणि प्रेक्षक रंगभूषेचा संकेत मान्य करूनच बसलेला असतो. चित्रपटाने स्त्रियांच्या बाबतीत जे केले त्याला मात्र असे कारण देता येत नाही. १९७६ च्या ‘कभी कभी’मध्ये अमिताभ बच्चन यांची प्रेयसी झालेल्या राखी १९८२ च्या ‘शक्ती’मध्ये त्यांच्या आई झाल्या, आणि प्रत्यक्षात त्या त्यांच्यापेक्षा जवळजवळ पाच वर्षांनी लहान आहेत. नायक नायकच राहिला आणि अभिनेत्रीने सहा वर्षांत एक पिढी ओलांडली.

आमच्या ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या परिसरात अनेक मराठी मालिकांचे चित्रीकरण होते. माझ्या शेजारी राहणाऱ्या एक ज्येष्ठ अभिनेत्री तेथे अधूनमधून काम करतात. त्यांना येणाऱ्या फोनवर ‘आजी हवी आहे, तीन दिवसांचे काम आहे’ एवढेच सांगितले जाते. आजीचे नाव काय, ती पूर्वी काय करत होती, घरात तिचे कोणाशी पटत नाही, हे विचारले तर समोरच्याकडे उत्तर नसते. मग त्या स्वतःच ते ठरवतात. अशाच एका आजीला त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली मानले आणि बोलण्याआधी क्षणभर कान देऊन ऐकण्याची लकब तिला दिली. तिच्या वाट्याला सोफ्यावर बसून चेहऱ्यावर भाव दाखवण्यापलीकडे फारसे काही नव्हते, आणि कथानकातली गरज संपल्यावर तिला गावी पाठवण्यात आले.

अशा भूमिका किती पोकळ असतात, हे २०२० मध्ये उघड झाले. टाळेबंदीनंतर चित्रीकरणास परवानगी देताना राज्य शासनाने ६५ वर्षांवरील कलाकारांना सेटवर येण्यास मनाई केली होती. ती अट मुंबई उच्च न्यायालयाने ७ ऑगस्ट २०२० रोजी रद्द केली. दरम्यान जुलैमध्ये मालिकांचे नवे भाग सुरू झाले होते, आणि मी पाहत असलेल्या मालिकांमध्ये वडीलधारी माणसे दिसेनाशी होऊनही कथेचे काही अडले नाही. ज्यांचे पोट या कामावर होते, त्यांचे मात्र अडले.

लिहिणाऱ्याने मनावर घेतले तर काय घडते, हेही आपण पाहिले आहे. २०१७ मध्ये नीना गुप्ता यांनी समाजमाध्यमावर उघडपणे काम मागितले; पुढच्याच वर्षी ‘बधाई हो’ आला, आणि त्यातल्या सासूच्या भूमिकेसाठी सुरेखा सिक्री यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठीत ‘अग्गंबाई सासूबाई’ या मालिकेने सासूच्या पुनर्विवाहाचा विषय घरोघरी नेला. २०२३ च्या ‘बाईपण भारी देवा’मध्ये रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते यांच्यासह सहा बहिणींची गोष्ट पाहायला बायकांनी गटागटाने चित्रपटगृहे भरली. आमच्या गडकरी रंगायतनमध्ये दुपारच्या प्रयोगाला पाहावे तर पांढऱ्या केसांचे प्रेक्षक रांगेने बसलेले असतात. २०११ च्या जनगणनेनुसारच देशात साठी ओलांडलेले १० कोटींहून अधिक लोक होते. आमच्या वयाचे माणूस पडद्यावर भांडताना, चुकताना, प्रेमात पडताना पाहण्याची इच्छा आम्हाला आहे आणि त्यासाठी आम्ही तिकीट काढतो.

मालिका आणि चित्रपट कोणी कसे लिहावेत, हे आपल्या हाती नाही, याची मला कल्पना आहे. समीक्षा आणि मुलाखती मात्र आपल्या हाती आहेत. नाटक-चित्रपटांच्या परीक्षणात शेवटी ‘इतर कलाकारांची साथ चांगली’ असे एक वाक्य असते आणि आजी-आजोबांच्या भूमिका करणारे नट त्यातच मावून जातात. त्यांचे नाव लिहावे आणि त्यांनी काय केले तेही लिहावे. वय द्यायचे असेल तर ते नायक-नायिकेचेही द्यावे. आणि मुलाखतीला जाणाऱ्या आपल्या प्रतिनिधीने औषधे, दिनचर्या आणि नातवंडे यांच्याआधी सध्या चालू असलेल्या भूमिकेविषयी विचारावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)