शिळं नाही गं आई, गार आहे

प्रिय आई-बाबा,

काल व्हिडिओ कॉलवर माझा डबा बघून आई तू जे तोंड केलंस ना, ते मी विसरणार नाही. "गार पास्ता? म्हणजे कालचा उरलेला?" मग बाबांनी मागून "पोरगं शिळं खातंय" अशी बातमी काकूपर्यंत पोचवली पण. म्हणून हे पत्र, फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि माझं राहून जातं.

तर, तो शिळा नव्हता. सकाळी सातला उठून केलेला ताजा होता, मुद्दाम गार केलेला. सध्या मिलानमध्ये 35 डिग्री आहे, माझ्या खोलीत एसी नाही, गरम जेवण समोर आलं तरी घाम फुटतो. उन्हाळ्यात आपण दहीभात खातो तसं इथे लोक हे खातात, ऑफिसला नेतात, समुद्रावर जाताना तर डबे भरभरून नेतात. आणि डब्याला मिलानचे लोक त्यांच्या बोलीत स्किशेत्ता म्हणतात, मला तो शब्द फार आवडतो.

मला हे खालच्या मजल्यावरच्या आजींनी शिकवलं. पहिल्यांदा मी पातेल्यात इतकंसं पाणी घेतलं तर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी पोह्यात साखरेचा डबाच ओतला. माणशी 80 ग्रॅम पास्ता, 100 ग्रॅमला लिटरभर पाणी, आणि लिटरला 10 ग्रॅम मीठ, तेही पाणी उकळल्यावर. मी चक्क वजनकाट्यावर मोजलं. गार खायचा असेल तर पाकिटावर लिहिलंय त्याच्या एक-दोन मिनिटं आधीच काढायचा, आणि नळाखाली धरायचा नाही (हे त्यांचं मत, ऑफिसातला मित्र बिनधास्त धुतो), तर ताटात पसरून ऑलिव्ह ऑइल चोळून ठेवायचा, आपण मसालेभाताचा भात मोकळा करतो तसंच. तोवर छोटे टोमॅटो अर्धे चिरून मीठ लावून बाजूला. कोशिंबिरीला पाणी सुटलं की तू चिडतेस, इथे ते पाणीच हवं असतं, तोच सॉस. मग काळे ऑलिव्ह, आणि मोझरेला चीज मात्र निथळून अगदी शेवटी, नाहीतर सगळं पचपचीत.

आणि ती पानं तुळशीची नव्हती गं!! "तुळस ओरबाडून खातोस?" म्हणालीस आणि मला काही सुचेचना. ते बेसिल, म्हणजे आपला सब्जा, फालुद्यात बी घालतो ना त्याचंच झाड. सुरीने कापलं की काळं पडतं म्हणून हाताने तोडतात.

आता तुझ्या दिवाळीतल्या पास्त्याबद्दल. बाबा त्याला पोस्टर चिकटवायची खळ म्हणाले ते जरा जास्तच झालं, पण कुकरच्या तीन शिट्ट्या म्हणजे आई, अगं... शिवाय तुझीही सगळी चूक नाही, ते पाकीट मैद्याचं असणार. इथे सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच हवा असा 1967 पासून कायदाच आहे, म्हणजे आपला बन्सी गहू, ज्याचा रवा तू उपम्याला घेतेस. तेव्हा पाकिटावर ड्युरम लिहिलंय का बघ आणि उघड्या पातेल्यात कर. फक्त बाबांच्या कवळीसाठी दोन मिनिटं जास्त ठेव, इटालियन लोकांना कळवू नकोस. मोझरेलासाठी सांगलीभर फिरू नका, काकडी, भाजलेले शेंगदाणे आणि लिंबू घालूनही मस्त होईल, मी करून बघितलंय.

खरं सांगू का, मला हे करताना सारखी आजी आठवते. लग्नाच्या आधी सगळ्या बायका बसून वळवट करायच्या, गव्हले, नखुल्या, मालत्या, आणि आम्हा पोरांना गच्चीवर शेवयांपाशी कावळे हाकलायला बसवायच्या. गेल्या वर्षी दक्षिण इटलीत बारी शहरात गेलो होतो तेव्हा जुन्या गावात बायका दारात टेबल मांडून अंगठ्याने कानाच्या आकाराचा पास्ता वळत बसलेल्या, मी तिथे अर्धा तास नुसता उभा. हात अगदी आजीसारखेच चालत होते, गप्पाही तशाच, बहुतेक सुनांबद्दल.

15 ऑगस्टला इथे पण सुट्टी असते, फेर्रागोस्तो, अर्धं शहर बाहेरगावी जातं. खालच्या आजी कुठेच जात नाहीत, म्हणून त्या दिवशी दोघांचा स्वयंपाक मी करणार आहे. तू मागे काकूबरोबर पाठवलेले गव्हले अजून आहेत. आजींना दाखवले तर त्या म्हणाल्या हा तर आमचा रिझोनी (तांदळाच्या आकाराचा पास्ता), आणि लगेच विचारलं किती मिनिटं शिजवायचा? मला सांगता येईना, मी गव्हल्यांची फक्त खीर खाल्लीय. तू अंदाजाने सांगशील हे माहितीये, पण एकदा घड्याळ लावून बघ आणि कळव.

तुमचा,
बाळ्या

ता. क. बाबा, काकूला सांगा शिळं नव्हतं म्हणून.