काका, तुमचा तळहात

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुम्ही परवा सांगलीला परत गेलात. निरोप द्यायला यायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र. चारचौघांनी वाचावं म्हणून उघडच लिहितेय.

लेकीच्या हट्टापायी आमच्या डॅलसच्या घरात कॅलिफोर्निया किंगस्नेकचं पिल्लू आलं. जेमतेम फूटभर, काळपट अंगावर पांढरे पट्टे. मला त्यात मण्यारच दिसायची. बिनविषारी आहे हे शंभरदा वाचूनही हात पुढे होईना. त्यात पट्टूने, हे लेकीनं पिल्लाला ठेवलेलं नाव, खाणं सोडलं. उंदराचं गोठवलेलं पिल्लू, इथे पिंकी म्हणतात, कोमट पाण्यात सैल करून चिमट्याने पुढे धरायचं. दोनदा ते तसंच पडून राहिलं. लेक रात्री उठून पेटीपाशी बसायची.

ज्या दुकानातून आणलं तिथला माणूस म्हणाला, तोंड उघडून कोंबा. वरून झडप घालून धरायचं कसं तेही दाखवलं; पिल्लाची शेपटी थडथडली, त्याने घाण वास सोडला. डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यातली वेळ. आपली माणसं म्हणाली, असलं पाळायचंच कशाला? पेटीत एकानेही डोकावून पाहिलं नाही.

तुम्ही आमच्या शेजारी, तुमच्या लेकीकडे आला होतात. शिराळ्याच्या बाजूला कित्येक वर्षं सर्पमित्र म्हणून मण्यारी पकडून रानात सोडलेले तुम्ही, तरी पट्टे बघून क्षणभर थबकलात. आधी विचारलंत, "इथं कायद्यानं चालतं ना?" आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चालत नाही, म्हणून तुम्ही स्वतः कधी साप पाळला नाहीत. मग चष्मा वर सारून म्हणालात, "डोळे बघ की त्याचे. दुधाळलेत. कात टाकणार लेकरू. धड दिसंना त्याला, खाणार कसं? राहू दे निवांत."

माझा जीव भांड्यात पडला.

सहाव्या दिवशी कात निघाली. पायमोजा उलटावा तशी, डोळ्यांवरच्या पारदर्शक टिकल्यांसकट अखंड. तुम्ही म्हणालात, आता घे हातात. "वरून हात आणू नको, वरून येती ती घार. बाजूनं, पोटाखाली हात घाल." मी घेतलं आणि हात लटलटा कापायला लागला. तुम्ही पिल्लू काढून घेतलं नाहीत. घाबरू नको, असंही म्हणाला नाहीत. फक्त तुमचा तळहात माझ्या तळहाताखाली लावलात आणि तसाच धरून ठेवलात. थरथर थांबली. पट्टू माझ्या बोटांच्या बेचक्यातून सरकत मनगटापाशी आला, जीभ लवलवत. कोरडा, गुळगुळीत, मण्यांची माळ ओघळावी तसा. तुमचा चहा पार गार झाला, पण हात हलला नाही.

काका, जाणकार माणसं पुष्कळ भेटली. नवख्याच्या हातातली गोष्ट हिसकावून न घेता खालून आधार देणारी फार थोडी. घरात असं एक वडीलधारं माणूस असलं की पोरांना केवढं बळ येतं, ते मी लेकीच्या चेहऱ्यावर पाहिलं.

दोन दिवसांनी दिवा मंद करून पिंकी धरली. पट्टूने झटकन पकडली, भोवती वेटोळं घातलं, आणि लेक माझा दंड घट्ट धरून मुक्याने रडली. 48 तास हात लावायचा नाही, अशी चिठ्ठी तिने पेटीवर चिकटवलीय, तुमच्या नावाने.

काल ती शाळेत असताना मी एकटीने पट्टूला बाहेर काढलं. बाजूने, पोटाखालून. हात कापला नाही.

तुमची,
डॅलसची शेजारीण