लवकर आलात?

पुणे,
9 जून

प्रिय शैले,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही, दिवाळीला पाठवलेल्या तुझ्या चिवड्याची पोचसुद्धा नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. माझे गुडघे होते तसेच आहेत, शुगर काठावर आहे, श्रीकांतची घोरण्याची तक्रार आता शेजारीही करतात. झाली तब्येतीची बातमी.

व्हॉट्सॲपवर तीनदा लिहायला घेतलं आणि पुसलं. हे तिथे सांगता येत नाही, आणि तुझ्याशिवाय कुणाला सांगताही येत नाही. श्रीकांतला सांगितलं तर तो म्हणाला, "एवढंच ना?" म्हणून हे पत्र.

शैले, मी शिगे झाले.

हसू नकोस. किंवा हस, तुझा तो हक्कच आहे. 1994 च्या मे महिन्यात लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमधून बाहेर पडून आपण भेळेच्या गाडीशी उभ्या होतो. मी ओझू या दिग्दर्शकाचा जपानी सिनेमा 'टोकियो स्टोरी' बघून रडून लाल झालेली, आणि तू शेंगदाणे वेचत म्हणालीस, "काहून व, तुले त्या शिगेचा एवढा राग?" शिगे, त्या सिनेमातली ती पार्लरवाली मुलगी. मी तुला दगडाच्या काळजाची म्हटलं होतं. होस्टेलवर दोन दिवस बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी तू माझ्या पांघरुणावर पाणी सांडलंस, तेव्हा भांडण मिटलं.

आता झालं ते सांगते. एप्रिलअखेर आईअण्णा मिरजेहून आले, पंधरा दिवसांसाठी. मनापासून बोलावलं होतं, खोटं नाही. पण मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इथल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत माझं व्याख्यान ठरलेलं होतं. विषय काय, तर 'साहित्य आणि सिनेमातलं प्रेम आणि कुटुंब'. तुला माहीत आहेच, तीस वर्षं हेच दळण दळतेय मी. टिपणं जुनी झाली होती, नव्याने लिहायची होती. आणि आमचा हा दोन खोल्यांचा संसार. अण्णांचा टीव्ही, आईचं मिनिटामिनिटाला "नीलू, चहा टाकू का?" चार ओळी सलग होईनात. दादाला ठाण्याला फोन केला. तो म्हणाला, माझ्याकडे ऑडिट चालू आहे, त्यांना कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी पाठवू, निम्मे पैसे मी देतो. आणि त्याने लगेच जीपे केलेसुद्धा. महाबळेश्वर, तीन रात्री. दोघंही पंच्याहत्तरीच्या वरचे, एसटी फुकट. मी स्वतःवरच खूश! स्वारगेटला बसवून आले, खिडकीतून आईने हात हलवला, आणि घरी येऊन मी दार लावून लिहायला बसले. काय लिहायला? म्हातारे आईवडील मुलांकडे टोकियोला येतात, मुलांना वेळ नसतो, म्हणून मुलगा आणि मुलगी पैसे वाटून घेऊन त्यांना अतामीला, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, पाठवून देतात, त्याबद्दल.

देवाशप्पथ, लिहिताना लक्षात आलं नाही. एक आख्खं पान लिहिलं होतं मी त्या अतामीवर. ओझूचा कॅमेरा कसा चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर असतो, कसा जवळजवळ हलतच नाही, त्या हॉटेलात रात्रभर माहजाँगचे डाव, गाणी, गोंधळ चालतो आणि दोन म्हातारे जीव कसे डोळे उघडे ठेवून पडून राहतात. अलंकारिक लिहिलं होतं. वाचलं असतंस तर ओकली असतीस.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दार उघडलं तर अण्णा, हातात पिशवी, मागे आई, पदराने मान पुसत. शेजारच्या हॉलमध्ये कुठल्याशा कंपनीची माणसं उतरली होती, रात्री दोनपर्यंत माइकवर गाणी. एका रात्रीत कंटाळून परत आले होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "अय्या, लवकर आलात?"

शैले, तोच हेल. तेच "अय्या". शिगेच्या पार्लरमध्ये तिचे आईवडील अतामीहून परततात तेव्हा ती जे म्हणते त्याचं हे मराठी. तीस वर्षं मी ते वाक्य पोरांसमोर नाक उडवून म्हणून दाखवत आले. पोरं हसायची. आता माझ्याच उंबऱ्यावर माझ्याच तोंडून आलं, आणि अण्णा म्हणाले, "हो, जरा लवकरच झालं." अपराध्यासारखे.

मी एकटीच असते तर निस्तरलं असतं, पण आत आमच्या वाचन-मंडळातल्या दोघी बसल्या होत्या, व्याख्यानाच्या पत्रिकेचं बघायला आलेल्या. शिगे गिऱ्हाइकाला सांगते ना, गावाकडची ओळखीची माणसं आहेत म्हणून? तेवढं मी केलं नाही. आईबाबा म्हणून ओळख करून दिली. एवढंच माझ्या बाजूचं, लिहून ठेव कुठेतरी. नाहीतर आंब्यांचं काय सांगू! त्या दोघींना हापूस कापला आणि आईअण्णांना पायरी. स्वतःशी म्हटलं, त्यांना पायरीच आवडते. शिगेचा नवरा सासूसासऱ्यांसाठी केक आणतो तेव्हा ती म्हणते, एवढं महागाचं कशाला, त्यांना साधी बिस्किटं चालतील. आणि ते केक स्वतः खाते. मीही रात्री फ्रिजसमोर उभी राहून उरलेल्या हापूसच्या दोन फोडी खाल्ल्या. एवढी हुबेहूब नक्कल ठरवूनही जमली नसती.

'वाडा चिरेबंदी' नाटकावरून झालेलं आपलं भांडणही आठवलं त्या रात्री. मी म्हणायचे, एलकुंचवारांची वहिनी बघ, घरात सासरा नुकताच गेलाय आणि ही रात्री सगळे दागिने अंगावर चढवून नवऱ्यासमोर उभी! तू उसळली होतीस, "तुम्ही पुण्यामुंबईचे लोक वाड्यात पाहुणे म्हणून येता. ती जन्मभर त्या चुलीशी होती. एक रात्र तिनं ते सोनं घातलं तर तुमच्या पोटात कायले दुखते?" तेव्हा मला ते वऱ्हाडी अभिमानातून आलेलं वाटलं होतं. नाटकातल्या त्या वाड्याच्या अंगणात कुजणाऱ्या ट्रॅक्टरबद्दलही तुला कुणी बोललेलं खपायचं नाही. आता वाटतं, तू वहिनी आणि शिगे या दोघींची एकच बाजू मांडत होतीस. आई गेल्यावर शिगे लगेच तिचा किमोनो आणि ओबी मागते, यावर मी एक तास बोलू शकते. पण तीच शिगे आई वाचणार नाही कळल्यावर सगळ्यांत आधी हंबरडा फोडते, हे मी वर्गात घाईत उरकायचे. आणि गावी निघताना सुतकाचे कपडे बरोबर घेऊ या असं तीच सुचवते. त्यांच्या गुणी विधवा सुनेने, नोरिकोने, ते आणलेले नसतात. तू म्हणाली होतीस, "ज्याला घर चालवायचं असतं त्यालाच मरण दिसतं." या वाक्यासाठी मी तुझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. माफ कर. 31 वर्षं उशीर झाला.

आणि 2009 चंही. ते आपण दोघींनी कधी काढलं नाही, मी आज काढते. तू मस्कतला होतीस, तुझ्या आईला, काकूंना, अमरावतीला दवाखान्यात ठेवलं होतं, आणि मी आठ दिवस रजा टाकून जाऊन राहिले. त्यांचे केस विंचरले, त्यांना भाकरी कुस्करून भरवली, रात्री त्यांच्याकडून तुझ्या लहानपणीच्या चोऱ्या ऐकल्या. तू आल्यावर सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुला सोपं होतं." वर्षभर बोललो नाही आपण. मला वाटायचं, ही कृतघ्न आहे. शैले, सोपंच होतं गं. मी नोरिको होते. नोरिको एक दिवस सुटी काढते, सासूसासऱ्यांना टोकियो दाखवते, शेजारणीकडून दारू उसनी आणते, आणि सगळं थिएटर तिच्यासाठी रडतं. काकूंशी माझा जुना हिशोब नव्हता. त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, माझं लग्न लांबवलं नव्हतं, माझ्या पगाराची विचारपूस केली नव्हती. त्यामुळे त्यांचे केस विंचरताना माझा हात हलका होता. आईचे केस विंचरायला बसले की तो जड होतो. नोरिको शेवटी सासऱ्याला सांगतेच ना, की मी तुम्ही समजता तशी चांगली नाही, मी स्वार्थी आहे? मी ते वाक्य विनय म्हणून शिकवत आले. विनय नसावा तो.

(तू एकदा म्हणाली होतीस, की लग्न न केलेला, आई जाईपर्यंत आईबरोबर राहिलेला माणूस आपल्याला संसार शिकवतो. ओझूची आई 1962 मध्ये गेली आणि तो पुढच्याच वर्षी, बरोबर साठाव्या वाढदिवशी. मी ते व्याख्यानात सांगितलं, तुझं नाव न घेता. हशा मिळाला. तुझा वाटा देणे आहे.)

आता खरं दुखणं. व्याख्यानाला आईअण्णा आले. महाबळेश्वरला असते तर आले नसते. तिसऱ्या रांगेत, कडेला, आईने निळी इरकल नेसलेली. आणि मला ते पान वाचावं लागलं. गाळता आलं असतं, पण अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं की बाई आज जपानी सिनेमाबद्दल बोलणार. मी सगळं सांगितलं. पैसे वाटून घेणं, अतामी, गोंगाट, "लवकर आलात?" उएनोच्या बागेत बसून म्हातारा हसत म्हणतो की आता आपण खरंच बेघर झालो, तेही. घसा कोरडा पडला. लोकांना वाटलं, बाई भावुक झाल्या. मध्येच मी 'श्यामची आई'वर उडी मारली. अत्र्यांचा सिनेमाही 1953 चाच आहे, 'टोकियो स्टोरी'च्या वर्षीचा. आपल्याकडे त्या वर्षी आईला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवून देणारा सिनेमा, तिकडे आईला हॉटेलात पाठवणारा. टाळ्या पडल्या. आधी जोड म्हणून ही तुलना लिहिली होती, बोलताना मात्र ती पळवाट झाली. श्यामसुद्धा शेवटी पोचला नव्हता, हे मी सांगितलंच नाही.

घरी येताना रिक्षात अण्णा एक शब्द बोलले नाहीत. आई म्हणाली, "छान बोललीस. सगळं समजलं मला." मग सिग्नलला म्हणाली, "ती पार्लरवाली मुलगी बरी होती की गं. दुकान टाकून कुठं जाईल ती?"

बस. एवढंच. पुढे भाजीचं बोलायला लागली.

तीन आठवडे हे वाक्य घेऊन बसलेय. आईला कळलं का? कळून मला सोडवलं? की टोमणा होता? तुला माहीत आहे तिचे टोमणे, आठवड्याने लागतात. की खरंच तिने एक गोष्ट ऐकली आणि तिला एक कष्टाळू बाई आवडली? सिनेमातल्या पात्राच्या पापणीवर मी दोन पानं लिहू शकते, पण आईच्या एका वाक्याचा अर्थ मला लागत नाही. मी तिचा चेहरा बघितला होता. पण तो कॅमेऱ्याकडे नव्हता, रिक्षाच्या बाहेर होता. परत मिरजेला पोचल्यावर शेजारच्या काकूंना फोनवर सांगत होती म्हणे, "लेक फार करते, महाबळेश्वरला पाठवलंन आम्हाला." ओझूची म्हातारीही परतीच्या वाटेवर नवऱ्याबरोबर हेच ठरवते, की आपली मुलं चारचौघांपेक्षा बरी आहेत. मला ते ऐकून ताप आला, खोटं नाही, 100 वर.

कारण पुढची रिळं मला पाठ आहेत. अण्णा निघायच्या आदल्या दिवशी सहज म्हणाले, महाबळेश्वरला पॉइंटवर कट्ट्यावरून उठताना आईला गरगरलं होतं. आई लगेच म्हणाली, "रात्रभर झोप नव्हती ना, त्यानं." शैले, अतामीच्या बंधाऱ्यावर ती अशीच उठते, अशीच डळमळते, आणि तिथेही कारण झोप न झाल्याचंच निघतं. कोयना एक्सप्रेसमध्ये बसवल्यापासून पोचल्याचा फोन येईपर्यंत मी स्वयंपाकघरात उभी होते. डॉक्टरांना दाखवलं तिकडे, मानेचे मणके म्हणाले, पट्टा दिलाय. दादा म्हणतो, तू सिनेमे बघून डोकं फिरवून घेतलंस. बरोबर आहे त्याचं. चिशू र्‍यू हा नट सिनेमात तो म्हातारा झाला तेव्हा पन्नाशीचाही नव्हता. मी आज त्याच्याहून मोठी आहे आणि अजून मुलीचंच काम नीट येत नाही.

शुक्रवारी कोयनेने जातेय मिरजेला, आठ दिवस. टिपणं नेणार नाही. तिथे गेल्यावर तिला विचारू का, की नको? तूच सांग. तुला आईच्या तोंडचं नेहमी माझ्याआधी कळायचं. फोन कर, बुधवारच्या आत. दुपारी, श्रीकांत नसताना.

तुझं काहीच विचारलं नाही. अद्वैतच्या व्हिसाचं झालं का? नागपुरातला उन्हाळा कसा सोसलास? सुनेशी पटतंय ना, की तिलाही तू वऱ्हाडी बोलायला लावलंस? गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करणार असलीस तर मी येते राहायला. मला सोपं जाईल.

तुझी,
नीलू

ता. क. आईला न्यायला हापूस बघायला गेले होते मंडईत. संपला. पायरीही नाही. लंगडा मिळतोय, तोच घेऊन जाते.