शिक्का

सोलापूर,
संक्रांतीनंतरचा रविवार

चि. माऊस, अनेक आशीर्वाद.

तुझी कविता मोबाईलवर आली त्या दिवशी वाचली, काल पुन्हा वाचली आणि आज कागद घेऊन बसलो. गड्ड्याच्या जत्रेला जाऊ म्हणून आई मागे लागली होती, तिला शेजारणीबरोबर पाठवून दिलं. फोनवर हे बोलणं झालं नसतं. ती जवळपास असते आणि मला आधी तुझ्याशी एकट्यानं बोलायचं होतं.

स्पर्धेचा विषय सत्तेच्या खुर्चीतली स्त्री. तू सोळा ओळी लिहिल्यास, बारा अहिल्यादेवींवर आणि चार आईवर. आई सरपंच झाली आणि त्या दिवसापासून गाव तिच्या शब्दावर चाललं, असं तू लिहिलंस. माऊ, ते खरं नाही. पहिले सहा महिने गाव माझ्या शब्दावर चाललं. तू तेव्हा दुसरीत होतीस, तुला कसं कळणार?

२०११ साली पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांसाठी झाल्या आणि २०१२ च्या निवडणुकीला आपलं सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. पॅनेलवाले घरी आले ते माझ्याकडे. "वहिनींचं नाव टाकू, बघायचं तुम्हालाच आहे," म्हणाले. मी हो म्हणून बसलो आणि रात्री जेवताना तिला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. निवड झाल्यावर सरपंचाचा शिक्का माझ्या शर्टाच्या खिशात असायचा. ग्रामसेवक रजिस्टर घेऊन घरी यायचे, मी कट्ट्यावर बसून वाचायचो, आणि आई भाकरी थापायची थांबून, हाताचं पीठ पदराला पुसून, मी बोट ठेवीन तिथं सही करायची. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती खुर्चीवर बसली, मी मागे उभा राहिलो आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर मीच दिलं. लोक मला 'सरपंच' म्हणून हाक मारायचे. मला ते आवडायचं, हेही लिहून ठेवतो.

मग २०१३ चा उन्हाळा आला. तुला त्यातल्या हंड्यांच्या रांगा तेवढ्या आठवत असतील. उजनी धरण उणेत गेलं होतं, रानात ज्वारीचं ताट उभं राहिलं नव्हतं, जनावरं छावणीत. गावाला टँकरच्या दिवसाला चार खेपा मंजूर होत्या. एका संध्याकाळी खेपांची वही सहीला आली. अकरा दिवस, रोज चार, बेरीज चव्वेचाळीस. मी शिक्का काढून तयार ठेवला. आई सही करेना. उठून आत गेली आणि मला हाक मारून भिंत दाखवली. दुधाच्या रतिबाला मारतो तशी गेरूची बोटं, एकेका दिवसाची एकेक ओळ. कुठं तीन, कुठं दोन. मोजली तर एकतीस. सरपंच असूनही ती रोज हंडा घेऊन रांगेत उभी राहत होती, तिला माहीत असणारच की.

मी म्हणालो, सगळीकडं असंच चालतं, बिल अडकलं तर टँकर बंद होईल, सही कर. तिनं काही उत्तर दिलं नाही. हात धुतला, पुसला, आणि माझ्यापुढं तळवा पसरला. "शिक्का द्या."

मी दिला. तिनं तो चंचीत टाकून कमरेला खोचला आणि बाहेर येऊन ग्रामसेवकांना म्हणाली, "आलेल्या खेपांची वही करून आणा, लगेच सही करते."

पुढचे दोन दिवस टँकर आला नाही. कवितेत तू नेमकं हेच सोडलंस म्हणून सांगतोय. तिसऱ्या दिवशी बायका रिकामे हंडे घेऊन आपल्या दारात आल्या आणि आईला नको नको ते बोलल्या. तुझी धाकटी चुलतीही त्यांत होती. आई उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत राहिली. मग पायात चप्पल घालून एसटीनं तालुक्याला गेली. मी बरोबर गेलो, पण कचेरीच्या पायरीपाशी ती म्हणाली, "तुम्ही इथंच थांबा." मी संध्याकाळपर्यंत लिंबाखाली बसलो. आत काय झालं ते मला आजही पुरतं ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी टँकर आला, चार खेपा आल्या आणि त्यानंतर वही भिंतीशी ताडून पाहिल्याशिवाय तिनं कधी सही केली नाही.

आता अहिल्यादेवी. तुझ्या बारा ओळींत घाट आहेत, काशी आहे, हातातली महादेवाची पिंड आहे. हे सगळं कॅलेंडरवर असतं. गंगोबातात्या कुठं आहेत? १७६६ ला सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेले, आणि दिवाण गंगोबातात्या चंद्रचूड म्हणू लागले, दत्तक घ्या, कारभार आम्ही बघतो. बाईंनी नकार दिला. राघोबादादा फौज घेऊन क्षिप्रेच्या काठापर्यंत आले, तरी त्या हटल्या नाहीत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझ्या शर्टाचा खिसा आठवला. तात्यांचं म्हणणं आणि आपल्या कट्ट्यावर पॅनेलवाल्यांचं म्हणणं यात मला तरी फरक दिसत नाही.

आणखी एक. त्यांनी महेश्वरला विणकर वसवले, म्हणून आज महेश्वरी साडी आहे. मागाच्या खडखडाटात अभ्यास केलेल्या सोलापूरच्या मुलीनं हे सोडावं, याचं मला वाईट वाटलं. देऊळ बांधलं की लोक हात जोडतात. माग चालवायला सूत, रंग, गिऱ्हाईक यांचा हिशेब रोज करावा लागतो, आणि माझ्या मते राज्य करणं म्हणजे तेच. आपल्या विद्यापीठाला २०१९ पासून त्यांचं नाव आहे, बसच्या पाटीवर रोज वाचतो. सोलापूरच्या खासदारही आज एक बाई आहेत. नावं पुष्कळ झाली. शिक्का कुणाच्या खिशात आहे, हे कवितेत आलं पाहिजे, म्हणजे परीक्षकांपैकी कुणीतरी मान वर करून बघेल.

मला वगळू नकोस. 'आप्पांना वाईट वाटेल' म्हणून ती ओळ खोडलीस तर मला जास्त वाईट वाटेल. आणि आईला देवी करू नकोस. त्या दोन दिवसांत तीही घाबरली होती, रात्री उठून भिंतीवरची बोटं पुन्हा पुन्हा मोजत होती.

नवीन ओळी लिहिल्यास की मला दाखवू नकोस. तिला वाचून दाखव. दुपारी तीननंतर फोन कर, तेव्हा ती मोकळी असते.

तुझे आप्पा

ता. क. पाकीट बंद करायच्या आत आई आली. बाकी काही सांगितलं नाही, फक्त खेपांचा आकडा विचारला. ती म्हणाली, तीस. नवव्या दिवशीचा एक टँकर अर्धाच भरून आला होता, ते बोट तिनं नंतर पुसलं होतं. वर मी एकतीस लिहिलंय, तू तीस धर.