भारंगीचा अनुस्वार

मा. संपादक,

पावसाळा लागला की दादर स्टेशनबाहेर शेवळांच्या जुड्या दिसू लागतात आणि आमच्या शाळेच्या मैत्रिणींमध्ये 'रानभाज्या' नावाची फाइल फिरू लागते. यंदा एकीच्या सुनेने ती वाचून शेवळं केली आणि घरातल्या चौघांचे घसे रात्रभर खाजत राहिले. सून नागपूरची, तिला काय ठाऊक! शेवळं खाजरी असतात, त्यात काकडं (ही आंबट रानफळं) किंवा चिंच घालावीच लागते. फाइलमध्ये ती ओळच नव्हती.

ओळ गळली कुठे, ते शोधायचं मी मनावर घेतलं. गिरगावातल्या एका प्रेसमध्ये मी 22 वर्षं डीटीपीचं काम केलं आहे. चौघींकडून त्यांच्या त्यांच्या फाइली मागवल्या आणि शेजारी शेजारी उघडल्या. तिघींकडे 'भारंगी' या रानभाजीचं 'भांरगी' झालेलं. तिघी जणी आपापलं टाइप करताना नेमक्या त्याच जागी तीच चूक करणार नाहीत. तिन्ही एकाच प्रतीच्या लेकी. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी शेकडो हस्तलिखितं अशीच ताडून पाहिली होती, हे आमचे मुद्रितशोधक नेहमी सांगत. चौथ्या फाइलमध्ये भारंगी शुद्ध होती आणि शेवळांखाली लिहिलं होतं : 'आतला पिवळा भाग काढावा, काकडं ठेचून घालावी.'

ही चौथी फाइल श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमधली. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कुणीतरी ती कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये आणली, तेव्हा अनुस्वार सरकला असणार. पण अख्खी ओळ काही फॉन्ट बदलल्याने जात नाही. ती कुणीतरी हाताने काढली. काकडं म्हणजे काकडी वाटली असेल.

फाइलची तारीख पाहून मी आधी फसले. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की 'क्रिएटेड'ची तारीख नवी पडते, 'मॉडिफाइड'ची जुनीच राहते. म्हणजे बारशाआधी मुंज! वर्ड फाइलच्या आत मात्र वेगळी नोंद असते. तिथे वर्ष निघालं 2004 आणि लेखकाच्या जागी एका कार्यालयाचं नाव. तिथून तीन फोन केले आणि वसईच्या एक आजी सापडल्या. दारावर भाजी घेऊन येणाऱ्या आदिवासी बायकांना विचारून विचारून त्यांनी वही भरली होती. भाच्याने ती कार्यालयात बसून टाइप केली. 20 वर्षं ही फाइल घरोघर फिरते आहे आणि तीत ना आजींचं नाव, ना त्या बायकांचा उल्लेख. याचं मला फार वाईट वाटलं.

वाचकांना विनंती, असं काही टाइप केलंत तर आपलं नाव, गाव आणि वर्ष मजकुराच्या पहिल्या ओळीतच लिहा. फाइलच्या नावात लिहिलेलं कुणीही बदलतं. आणि पुढे पाठवताना अख्खी फाइलच पाठवा. मजकूर उचलून मेसेजात चिकटवला की आतली नोंद गेलीच.

आजींना विचारलं, तुमचं नाव घालू का? त्या म्हणाल्या, ''आधी काकडांची ओळ घाल गं बाई.'' दोन्ही घातलं आहे. ही फाइल आपल्याकडे असेल तर भारंगीचा अनुस्वार पाहा. तो 'भां'वर असेल, तर शेवळांखाली ती ओळ लिहून घ्या.

— एक निवृत्त डीटीपी ऑपरेटर, गिरगाव, मुंबई