पश्या, देवाची वकिली करू नकोस

प्रिय पश्या,

सलाम. तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री ऐकला, सकाळी दूध आणायला जाताना परत ऐकला. साडेसहा मिनिटं बोललायस पण प्रश्न एकच आहे, की ज्या घरातल्या पोरानं आत्महत्या केली त्या घरी जाऊन मी बोलू काय. व्हॉट्सअॅपवर उत्तर टाइप करायला घेतलं होतं, अंगठा दुखायला लागला, म्हणून लॅपटॉप उघडून सरळ पत्रच लिहितोय, कॉलेजात लिहायचो तसं.

आधी माझी एक फजिती ऐक, तुला कधी सांगितली नाही कारण लाज वाटायची. चर्चचा पाळक होऊन मला जेमतेम आठ महिने झाले होते. नेवाशाकडच्या एका वस्तीवर शेततळ्यात पडून सात वर्षांचं पोरगं गेलं. तुला माहितीये ते शेततळ्याचं, आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्याच्यावर शेवाळ धरतं आणि एकदा पाय घसरला की पोहता येणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही, धरायलाच काही नसतं. मी गेलो, बायबल उघडलं, आणि त्या माउलीला म्हटलं, ताई, देवाला त्याची गरज होती म्हणून त्यानं नेलं. ती रडायची थांबली. माझ्याकडं बघून म्हणाली, "त्याच्याकडं एवढे हायेत की पाळकसाहेब, त्याला माझाच कशाला लागत होता?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

पुढं वेल्लोरला सीपीईचा, म्हणजे दुःखातल्या आणि आजारी माणसांना सोबत कशी करायची हे पाळकांना शिकवणारा, कोर्स करायला गेलो तेव्हा हा प्रसंग मला व्हर्बेटिम म्हणून लिहायला लागला. व्हर्बेटिम म्हणजे भेट झाल्यावर घरी येऊन आठवून आठवून सगळं संवादासारखं लिहायचं, ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, मधे कोण किती वेळ गप्प होतं, आणि मग ते ग्रुपसमोर वाचायचं. वाचताना कळलं की त्या अर्ध्या तासात ती अकरा वाक्यं बोलली होती आणि मी जवळजवळ पन्नास. पोराचं नाव मी एकदाही घेतलं नव्हतं. आमच्या सुपरवायजरनं एवढंच विचारलं, "तुम्ही कोणाला धीर देत होतात, तिला की स्वतःला?" तो प्रश्न आजही खिशात घेऊन फिरतो मी.

हा सीपीई प्रकार ज्यानं सुरू केला तो अँटन बॉइसन, अमेरिकेतला पाळक, स्वतः 1920 मध्ये मनोरुग्णालयात दाखल झालेला होता. बरा झाल्यावर त्यानं 1925 मध्ये वुस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात धर्मशास्त्राचे विद्यार्थी नेले आणि सांगितलं की पुस्तकं जशी वाचता तशी ही जिवंत माणसं वाचायला शिका. मला ते फार पटतं कारण तो पलीकडच्या खाटेवर झोपून आलेला माणूस होता, आपल्यासारखा खुर्चीवर बसून बोलणारा नव्हता.

आणि आपल्या शास्त्रात हे नाही असं थोडंच आहे. बायबलमधल्या त्या सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आठव. अलीफज, बिल्दद, सोफर. आपण सेमिनरीत त्यांना नुसती नावं ठेवली, पण ते आले, रडले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोपर्यंत तिघंही एक नंबर पाळक होते रे! बोलायला लागले तिथं घोटाळा झाला. देवाची बाजू मांडत बसले सगळे, आणि शेवटच्या अध्यायात देवच त्यांच्यावर चिडला, ईयोबावर नाही, ज्यानं देवाला तोंडावर जाब विचारला होता. देवाला वकील लागत नाही पश्या, आपण उगाच कोट घालून उभे राहतो.

बरं, त्या वस्तीवर मी परत गेलो का, तर गेलो, पण दीड महिन्यानं, तेही घाबरत घाबरत. आठवण सभा होऊन गेलेली, पाहुणे गेलेले, मांडवाच्या बांबूंचे खड्डे तेवढे अंगणात राहिलेले. बाप शेततळ्याकडं होता. तो माणूस पोराबद्दल अक्षर बोलायचा नाही, नुसता तारेच्या कंपाउंडचा हिशेब सांगायचा, किती खांब, किती बंडल, वेल्डिंगवाला किती मागतो. आधी मला वाटलं ह्याला काही वाटतच नाही का. मग डोक्यात प्रकाश पडला, जे कुंपण तेव्हा नव्हतं ते हा आता घालत होता. मी बाह्या वर केल्या आणि तारेचं बंडल धरून उभा राहिलो, तो ओढायचा आणि मी सोडत जायचो. तीन तास. तळहाताला तार लागली. चौथी बाजू बांधताना पक्कड हातात तशीच ठेवून तो म्हणाला, "मीच म्हणलो होतो त्याला, जा म्हशीला पाणी दाव." बस, एवढंच. मी त्याला तुझी चूक नाही वगैरे म्हणालो नाही, म्हणावंसं फार वाटत होतं पण जीभ चावली. पक्कड त्याच्या हातातून घेतली आणि तो खाली बसला. त्या दिवशी प्रार्थनासुद्धा त्यानंच मागितली, मी सुचवली नाही. मी स्तोत्र 88 वाचलं, जे अंधारावरच संपतं, शेवटी आशेचं एकही वाक्य नाही. त्यानं विचारलं, "हे बायबलात आहे?" म्हटलं आहे.

आता तुझ्याकडचं. बावीस वर्षांचा पोरगा, स्वतःहून गेला, आणि तुझ्या चर्चच्या कमिटीतले दोघं म्हणतात की दफनाला पूर्ण उपासना नको होती. त्यांच्याशी वाद आत्ता घालू नकोस, नंतर घालू, मी पण येतो पाहिजे तर. पण आईला हे कानावर आलंय हे नक्की, म्हणूनच ती रविवारी येत नाही. आत्महत्या केलेल्याच्या घरात दुःख एकटं नसतं, सोबत लाज असते, राग असतो, आणि 'मला कळलं कसं नाही' हे रात्रभर चालू असतं. तिनं विचारलं की माझा पोरगा नरकात गेला का, तर निवाडा करणारा असल्यासारखं हो किंवा नाही म्हणू नकोस. मी म्हणतो की ज्याच्याकडं तो गेला तो येशू आपल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी रडला होता, मला तेवढंच माहितीये. माझं एवढंच आहे, तुझं तू शोध.

एक गोष्ट मात्र सरळ विचार, लाजू नकोस. तिला, आणि त्या धाकट्या भावाला वेगळं घेऊन: "तुम्हालाही जगू नये असं वाटतं का?" विचारल्यानं डोक्यात नसलेलं येतं असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट विचारलं की माणूस मोकळा होतो. हो म्हणाले तर एकटं सोडायचं नाही आणि प्रार्थनेवर भागवायचं नाही, सरळ मानसोपचारतज्ज्ञ. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर लिहून दे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. भाऊ महिना उलटूनही झोपत नसेल, तेच तेच दिसतं म्हणत असेल, त्या खोलीकडं जातच नसेल, तर ते विश्वास कमी पडल्याचं लक्षण नाही, जखम आहे, तिला डॉक्टर लागतो. आपण पाळक आहोत, सगळ्या रोगांवर एकच बाम विकणारे नाही.

दुपारी तीनला जा. सकाळी बायका असतात, संध्याकाळी कमिटीवाले टपकतात, तीनला ती एकटी असते. बायबल पिशवीतच राहू दे, मागितलं तर काढ. पोराचं नाव घे, त्याला काय आवडायचं विचार, आणि मग गप्प बस, कितीही जड झालं तरी. चहा देईल, साखर जास्त असेल, डायबेटिसचं कारण सांगू नकोस, पी.

तुझाच,
राज्या

ता.क. घरी आल्यावर व्हर्बेटिम लिही, नावं काढून. गुरुवारी नगरला येशील तेव्हा वाचून दाखव, आणि तुझी वाक्यं मोजून ये.